सार्वजनिक निधिसंकलनाची परीक्षा

गेल्या कांहीं वर्षांत यवतमाळ जिल्ह्यांतील व एकंदर वऱ्हाडांतील शिक्षणसंस्था, वाचनालयें, वसतिगृहें, गोरक्षण संस्था आणि सेवाभावी मंडळें यांच्या रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी व शतसांवत्सरिक स्मरणिका आमच्या वाचनांत आल्या. त्यांची रचना बहुधा ठरीव असते. प्रारंभीं संस्थापकांचें तैलचित्र, पुढें मान्यवरांचे शुभसंदेश, नंतर मोठ्या देणगीदारांची नामावळी आणि शेवटीं इमारतीचीं छायाचित्रें. संस्थेनें पैसा कोणाकडे मागितला, काय सांगून मागितला, किती जमला, तो जमविण्यास किती खर्च आला आणि देणाऱ्यास त्याचा हिशेब कोणत्या रूपानें मिळाला, या गोष्टींना दोनशें पानांच्या ग्रंथांत दोन पानेंही लाभत नाहींत. ही उणीव लहान समजूं नये. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग वर्गणीवर उभा राहिला आहे. वर्गणी वगळून लिहिलेला संस्थेचा इतिहास हा पाया वगळून काढलेल्या घराच्या नकाशासारखा होय.

याच्या उलट, संस्थांची परीक्षा करण्याची जी पद्धति सांप्रत रूढ होत आहे ती सर्व प्रश्न एका शेंकड्यांत सांठविते. जमलेल्या शंभर रुपयांपैकीं व्यवस्थेवर किती गेले व प्रत्यक्ष कार्यावर किती गेले, एवढें पाहिलें कीं परीक्षा संपली. स्मरणिकाकार मुळींच मोजीत नाहींत आणि नवे परीक्षक एकच माप घेऊन सर्व कांहीं मोजूं पाहतात. हें एक माप अपुरें आहे, व पुष्कळ वेळां तें उलटा निर्णय देतें, हें दाखवून त्याच्या जोडीस दुसरे निकष सुचवावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दानाचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत आचार्य निरोपाच्या वेळीं शिष्यास दान कसें द्यावें हें सांगतात, आणि तेथें श्रद्धेबरोबर लज्जा, भय व जाणीव यांचाही उल्लेख करितात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरतां केलेलें दान सात्त्विक ठरविलें आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत ‘चतुर्वर्गचिंतामणि’ रचिला. त्याचा दानखंड हा या विषयाचा कोशच म्हणतां येईल. या सर्व विवेचनांत मुख्य पात्रें दोन : दाता आणि प्रतिग्रहीता. विहिरी, तळीं, अन्नसत्रें यांचा पूर्तधर्मांत समावेश होतो खरा. परंतु तेथेंही स्वतःच्या द्रव्यानें बांधणारा दाताच शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढें आहे. दुसऱ्यासाठीं तिसऱ्याकडे मागणारा, म्हणजे ज्यास आज आपण निधिसंकलक म्हणूं, त्याला या मीमांसेंत फारसें स्थान नाहीं. आधुनिक संस्थेंत मात्र सारा कारभार त्याच्याच हातीं असतो. तो स्वतःचें देत नाहीं व स्वतःसाठीं घेत नाहीं. परंतु देणाऱ्याची श्रद्धा आणि घेणाऱ्याची लाज या दोहोंचा तो विश्वस्त असतो. म्हणून परीक्षा करावयाची ती प्रथम त्याची.

दानाच्या लेखी पुराव्याची परंपरा वऱ्हाडास नवी नाहीं. अचलपूरजवळील चम्मक येथें सांपडलेला वाकाटक नृपति द्वितीय प्रवरसेन याचा ताम्रपट फ्लीट यानें १८८८ सालीं प्रसिद्ध केला, आणि म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९६३ सालच्या आपल्या वाकाटक लेखसंग्रहांत त्याचें पुन्हां संपादन केलें. भोजकट राज्यांतील, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक नांवाचें आठ हजार भूमि मापाचें गांव एक हजार ब्राह्मणांस दिल्याचें त्यांत नमूद असून पैकीं ४९ जणांचीं नांवें कोरलेलीं आहेत. देणारा कोण, विनंति कोणाची, माप कोणतें, राज्यवर्ष कोणतें, सारें लेखांत आहे. विशेष म्हणजे त्यांत अटही आहे. राज्याचा द्रोह, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, दुसऱ्या गांवांस उपद्रव अशीं कृत्यें प्रतिग्रहीत्यांच्या हातून न घडतील तोंवरच हें दान चालावयाचें. घडल्यास तें काढून घेणाऱ्या राजास चोरीचा दोष लागत नाहीं. अट कडक आहे; परंतु ती दानाच्याच पत्र्यावर, सर्वांस वाचतां येईल अशी कोरली आहे. हा मुद्दा पुढें उपयोगीं पडेल. वाशीमच्या वाकाटक ताम्रपटाकडे १९३९ सालीं अभ्यासकांचें लक्ष वेधण्यांत यवतमाळच्याच डॉ. य. खु. देशपांडे यांचा वांटा होता. ज्या जिल्ह्यानें दीड हजार वर्षांहून जुने दानलेख वाचण्याचे कष्ट घेतले, त्यानें पन्नास वर्षांपूर्वींचीं पावतीपुस्तकें रद्दींत घालावीं हें शोभत नाहीं.

मुद्रणाच्या काळांत ताम्रपटाची जागा वर्तमानपत्रानें घेतली. १८९५ सालीं रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठीं ‘केसरी’नें निधि उभारण्यास आरंभ केला, तेव्हां देणगीदारांचीं नांवें व रकमा पत्रांत छापून येत. देणाऱ्यास पावती मिळे ती सर्व महाराष्ट्राच्या समक्ष. याच वातावरणांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडाची कल्पना मांडली, आणि लोकमान्य टिळकांनीं तीस पाठबळ दिलें. प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा व त्यांतून स्वदेशी उद्योग काढावे, एवढीच ती कल्पना. या फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचकारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशांत ही विद्या शिकून आलेले तज्ज्ञ त्यास लाभले. कांचेचा धंदा शिकविणारी शाळा, असें त्या कारखान्याचें महत्त्व सर्वमान्य आहे.

आतां या पैसा फंडास शेंकड्याचें माप लावून पाहूं. त्या वेळीं रुपयाचे चौसष्ट पैसे होते. म्हणजे एक रुपया जमविण्यास चौसष्ट माणसें गांठावीं लागत, आणि एक लाख रुपयांस चौसष्ट लाख. पावत्या, पेट्या, प्रवास, स्वयंसेवकांचें जेवणखाण या सर्वांचा खर्च पैशापैशावर बसणार. याच्या उलट, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं अण्णासाहेब कर्वे यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली, ती मिळविण्याचा खर्च त्या मानानें शून्यवतच म्हणावा लागेल. तीच रक्कम पैशापैशानें जमवावयाची तर नऊ कोटी साठ लाख माणसांकडे जावें लागलें असतें, म्हणजे १९२१ च्या खानेसुमारींतील हिंदुस्थानच्या सुमारें तीन-दशांश लोकसंख्येकडे. शेंकड्याचा परीक्षक ठाकरसींच्या देणगीस पहिला क्रमांक देईल व पैसा फंडास नापास करील. परंतु पैसा फंडाचें फळ कारखान्याच्या भांडवलाइतकेंच रुपयामागें असलेल्या चौसष्ट माणसांत होतें. स्वदेशी उद्योग हा आपला आहे, हें ज्यांस एका पैशानें शिकविलें गेलें, त्यांचें शिक्षण जमाखर्चाच्या कोणत्या खात्यांत घालावयाचें? निधिसंकलनाचा खर्च हा कांहीं संस्थांत निव्वळ खर्च असतो आणि कांहीं संस्थांत तेंच मुख्य कार्य असतें. कोठें काय आहे हें पाहिल्यावांचून केलेला भागाकार गणितानें बरोबर आणि न्यायानें चुकीचा असतो.

मोठ्या देणग्यांविषयीं आम्ही अनादर बाळगतों असें वाचकांनीं समजूं नये. १९१६ सालीं स्थापन झालेल्या महिला विद्यापीठास ती देणगी मिळाली नसती तर तें कसें तगलें असतें हा प्रश्नच आहे. विद्यापीठास ठाकरसींच्या मातोश्रींचें नांव देण्यांत आलें, यांतही लपविलेलें कांहीं नव्हतें. नांव दारावरच आहे. तथापि मोठा दाता संस्थेच्या कारभारांत वजनदार होतो, आणि म्हणून देणगी घेतांना संस्थेनें काय दिलें याची नोंद तितकीच स्पष्ट असावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांची गोष्ट या संदर्भांत प्रसिद्ध आहे. साताऱ्याच्या महाविद्यालयास मोठी रक्कम देऊं करून नांव बदलण्याची सूचना झाली, तेव्हां एक वेळ वडिलांचें नांव बदलीन पण शिवछत्रपतींचें बदलणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिलें असें सांगतात. तें महाविद्यालय १९४७ सालीं छत्रपतींच्याच नांवानें निघालें. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपलें मंगळसूत्र मोडलें, त्याची किंमत कोणत्याही देणगीदारांच्या फलकावर पहिल्या ओळींत बसणार नाहीं. तरी त्या संस्थेचा पाया शोधूं गेल्यास तो तेथेंच सांपडतो.

दुसरा प्रश्न देणाऱ्याच्या संमतीचा. मार्च १९२१ अखेर बेझवाडा येथें अखिल भारतीय काँग्रेस समितीनें टिळक स्वराज्य फंडासाठीं ३० जूनच्या आंत एक कोटी रुपये जमविण्याचा ठराव केला, व तो आंकडा गांठला गेला. मुदत, रक्कम व हेतु हीं तिन्ही आधीं जाहीर असल्यामुळें त्या फंडाच्या विनियोगावर पुढें जी टीका झाली तीही निश्चित मुद्द्यांवर होऊं शकली. ज्या निधीचा हेतुच संदिग्ध असतो त्यावर टीकाही करतां येत नाहीं. गांधीजींचा हरिजन-दौरा नोव्हेंबर १९३३ मध्यें वर्ध्याकडून निघाला व प्रथम विदर्भांतूनच फिरला. नऊ महिन्यांत सुमारें साडेबारा हजार मैलांचा प्रवास होऊन सुमारें आठ लाख रुपये जमले. गांधीजी स्वाक्षरीचे पांच रुपये घेत, सभेंत मिळालेल्या वस्तूंचा लिलाव करीत. मागण्यांत त्यांस कसलाही संकोच नव्हता. परंतु मलबारांत एका मुलीनें अंगावरचे दागिने काढून दिले, तेव्हां आईबापांची संमति आहे ना हें त्यांनीं विचारून घेतलें. मागणारा कितीही मोठा असला तरी देणाऱ्यास नाहीं म्हणण्याची वाट मोकळी ठेवावी, हें यांतील मर्म आहे.

ही वाट आज किती ठिकाणीं मोकळी आहे? आमच्या अध्यापनाच्या काळांत एका संस्थेनें इमारतनिधीसाठीं शिक्षकांच्या पगारांतून वर्गणी कापली होती. परिपत्रकांत ती ऐच्छिक म्हटलेली होती. इच्छा नाहीं असें लिहून देणाऱ्यासाठीं मात्र त्यांत जागा नव्हती. पावती मागितली त्यांस ती मिळाली, न मागणारांस मिळाली नाहीं, आणि पुढें झालेल्या उद्घाटनाच्या फलकावर शिक्षकांचा उल्लेख ‘इतर’ या शब्दानें झाला. इमारत चांगली झाली. तींत आज मुलें शिकतात. शेंकड्याच्या मापानें हें संकलन आदर्शच ठरेल, कारण त्यास खर्च कांहींच आला नाहीं. स्वस्त संकलन आणि प्रामाणिक संकलन हे दोन निराळे गुण आहेत, एवढेंच त्यावरून म्हणावयाचें. उत्सवाच्या वर्गणीसाठीं दारांत उभ्या राहणाऱ्या तरुणांविषयींही हेंच लागू आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमांत पुढें विदर्भाचाही समावेश झाला, आणि त्यांत अशा तात्पुरत्या वर्गणीचीही दखल घेतलेली आहे; परंतु कायदा पावतीपुस्तकापर्यंत पोंचतो, उंबरठ्यावरील सुरापर्यंत पोंचत नाहीं.

तिसरा प्रश्न ज्याच्यासाठीं मागावयाचें त्याच्या प्रतिष्ठेचा, आणि येथें आमच्या जिल्ह्याचा संबंध अगदीं निकटचा आहे. कापूस पिकविणाऱ्या या भागांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून सर्व देशाचें लक्ष वेधलें. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तींत यवतमाळ होतें. सरकारी मदतीबरोबर खासगी मदतही आली, व ती आली याबद्दल जिल्हा ऋणी आहे. परंतु तिची वांटणी कशी झाली हें पाहण्यासारखें आहे. जिल्ह्यांतील एका विधवा भगिनीचें नांव २००८ सालीं लोकसभेच्या भाषणांत उच्चारलें गेलें, आणि देणग्यांचा ओघ तिच्या घराकडे वळला. तिला मिळालें हें योग्यच झालें. त्याच दुःखांत असलेल्या शेजारणींकडे तो ओघ त्या वेगानें वळला नाहीं, कारण त्यांचीं नांवें कोणीं उच्चारलीं नव्हतीं. देणगी दुःखाच्या मापानें न जातां प्रसिद्धीच्या मापानें जाते, हा संकलकानें ओळखावयाचा पहिला धोका होय. दुसरा धोका त्याहून वाईट. मदतीचा धनादेश हातांत धरून उभ्या असलेल्या विधवेचें छायाचित्र पुढच्या विनंतिपत्रावर छापलें जातें. तिला रक्कम एकदां मिळते, परंतु तिचा चेहरा संस्थेस अनेक वर्षें मिळवून देत राहतो. हा व्यवहार कोणत्याही ताळेबंदांत येत नाहीं, आणि म्हणूनच परीक्षकानें तो विचारला पाहिजे.

या बाबतींत गाडगेबाबांचें उदाहरण विदर्भास घरचेंच आहे. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मलेल्या या पुरुषानें पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतः भाकरीचा तुकडा मागून गाडग्यांत खाल्ला. गोरगरिबांसाठीं लाखोंची रक्कम मागतांना त्यांनीं कोणा गरिबास व्यासपीठावर आणून उभें केलें नाहीं. दैन्य दाखवावयाचें तें स्वतःच्या चिंध्यांचें. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, आणि उरलेल्या कार्यासाठीं १९५२ सालीं विश्वस्त मंडळ नेमलें. जमविलेलें हातावेगळें करण्याची ही तयारी आम्हांस हिशेबाच्या कसोटीइतकीच महत्त्वाची वाटते.

आतां सांप्रतच्या कायद्यांकडे वळूं. २०१३ च्या कंपनी अधिनियमानें मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणें १ एप्रिल २०१४ पासून बंधनकारक झालें. यामुळें द्रव्य पुष्कळ आलें. परंतु कंपनीनें आपल्या कार्यक्षेत्राजवळच्या भागास प्राधान्य द्यावें असें त्याच कायद्यांत आहे, त्यामुळें ज्या खेड्यास कापसाशिवाय दुसरा धंदा नाहीं त्यास कारखानाही नाहीं आणि कारखान्याचें दानही सहजीं नाहीं. परदेशी देणग्यांसंबंधींच्या कायद्यांत २०२० सालीं दुरुस्ती होऊन व्यवस्थाखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, व एका संस्थेनें असा पैसा दुसऱ्या संस्थेस देणें बंद झालें. उधळपट्टीस आळा घालणें हा हेतु मान्य करूनही परिणाम पाहिला पाहिजे. जी लहान संस्था शहरांतील मोठ्या संस्थेच्या द्वारें निधि मिळवीत असे, तिची वाट खुंटली. शिवाय व्यवस्था आणि कार्य यांतील रेघ कागदावर दिसते तितकी सरळ नसते. गांवोगांव फिरून कर्जबाजारी कुटुंबास सरकारी कागद भरून देणारा कार्यकर्ता हीच ज्या संस्थेची संपत्ति, तिच्या खात्यांतील त्याचा पगार व्यवस्थेंत धरावयाचा कीं कार्यांत? तो कार्यांत दाखविला तर परीक्षक संशय घेतो. व्यवस्थेंत दाखविला तर संस्था नापास होते. आणि कमी दाखविण्यासाठीं पगारच कमी दिला तर तीच संस्था आदर्श म्हणून गौरविली जाते. हा तिसरा मार्ग आमच्या पाहण्यांत वारंवार आला आहे, आणि त्याची किंमत तरुण कार्यकर्ते भरीत आहेत.

यावर असा आक्षेप येईल कीं, शेंकडा मोजतां येतो. श्रद्धा, संमति व प्रतिष्ठा मोजतां येत नाहींत, आणि जें मोजतां येत नाहीं त्याच्या आडून लबाडी फावते. आक्षेप खोटा नाहीं. म्हणूनच आम्ही खर्चाचें माप टाकून द्या असें म्हणत नाहीं; तें शेवटीं लावा असें म्हणतों. त्याआधीं पांच गोष्टी पाहाव्या, व त्या सर्व कागदपत्रांवरून तपासतां येण्याजोग्या आहेत. पहिली, विनंतिपत्रांत जो हेतु सांगितला त्याच खात्यांत पैसा गेला काय. दुसरी, न देणाऱ्यावर कांहीं परिणाम झाला काय; पगारपत्रकें व प्रवेशाचीं कागदपत्रें याचें उत्तर देतात. तिसरी, ज्यांच्यासाठीं मागितलें त्यांचें नांव व चित्र वापरण्यास त्यांची लेखी व समजून दिलेली संमति होती काय. चौथी, मोठ्या देणगीबरोबर आलेल्या अटी चम्मकच्या पत्र्याप्रमाणें उघड नोंदविल्या आहेत काय. पांचवी, सर्वांत लहान देणाऱ्यास त्याच्या भाषेंत, त्याच्या गांवांत, हिशेब पाहावयास मिळाला काय. या पांचांत जी संस्था उतरेल तिचा व्यवस्थाखर्च थोडा अधिक असला तरी ती विश्वासास पात्र होय. यांत जी उतरत नाहीं तिचा खर्च शून्य असला तरी तिला शाबासकी देण्याचें कारण नाहीं.

इतिहाससंशोधकांचें कर्तव्य यांतून आपोआप निघतें. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, वर्गणीच्या याद्या, कीर्दी व खतावण्या, सभांचीं इतिवृत्तें हीं संस्थेच्या माळ्यावर पडलेलीं असतात, आणि नवी इमारत झाली कीं प्रथम तींच बाहेर फेंकलीं जातात. या कागदांत गांवांतील कोणत्या घरानें किती दिलें, कोणत्या वर्षीं पीक बुडालें म्हणून वर्गणी थांबली, कोणत्या आळींतून धान्य आलें व कोणत्या आळीकडे कोणी मागावयासच गेलें नाहीं, हें सर्व लिहिलेलें असतें. संशोधन मंडळांनीं तालुक्यातालुक्यांत असे कागद मागून घ्यावे, त्यांच्या सूच्या कराव्या व त्रैमासिकांतून क्रमाक्रमानें प्रसिद्ध कराव्या. स्मरणिका काढणाऱ्या संस्थांनींही प्रत्येक दशकाचा संक्षिप्त जमाखर्च व लहान वर्गणीदारांची यादी छापण्यास चार पानें राखून ठेवावीं. शुभसंदेश तेवढ्यानें कमी झाले तर कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं. ज्यांनीं एक पैसा दिला त्यांचे वंशज आजही या जिल्ह्यांत आहेत, आणि पुढची वर्गणीही त्यांच्याकडेच मागावयाची आहे.